धातूवर मार्किंगची शाई: विकत कोणती घ्यायची, घरी कशी करायची, लावायची कशी

घासून चकचकीत केलेल्या एमएसच्या, म्हणजे माइल्ड स्टीलच्या पट्टीवर स्क्रायबरने, म्हणजे धातूवर ओरखडायच्या टोकदार सळईने रेघ मारली की ती एका अँगलने दिसते आणि मान जरा हलवली की गायब. ट्यूबलाइटखाली तर विचारूच नका. मग माणूस तीच रेघ परत मारतो, ती पहिलीच्या शेजारी पडते आणि आता खुणेचा खड्डा ठोकायचा पंच नक्की कुठल्या रेघेवर ठेवायचा हा नवा घोळ सुरू होतो. यावरचा उपाय साधा आहे, आधी धातूवर गडद रंगाचा एक पातळ थर द्यायचा आणि त्यातून रेघ ओरखडायची, म्हणजे निळ्यावर चंदेरी लाइन अशी उठून दिसते की चष्मा नसला तरी चालतं. आयटीआयला फिटर ट्रेड केलेल्यांना हे सुरुवातीलाच शिकवतात, पण व्हिडिओ बघून घरच्या गॅरेजात नाहीतर बाल्कनीत काम सुरू करणारे बरेच जण एकतर ही पायरीच गाळतात किंवा भलतीच ट्यूब विकत आणतात.

माझं मत आधीच सांगून टाकतो, मग पुढचं वाचा. महिन्यातून दोन-चार जॉब करत असाल तर जाड टोकाचा परमनंट मार्कर घ्या आणि बाकी सगळं विसरा. दर आठवड्याला काही ना काही कापत-भोकं पाडत असाल, मोठे तुकडे असतील, तर मार्किंग ब्लूची, म्हणजे याच कामाच्या तयार निळ्या शाईची एक छोटी बाटली घ्या, ती वर्षानुवर्षं पुरते. बाटली मिळत नसेल किंवा करून बघायची खाज असेल तर घरीही छान होते, अवघड काही नाही. पण शाई कुठलीही असो, धातूवर तेल असेल आणि थर जाड असेल तर महागातली इंपोर्टेड बाटलीसुद्धा पोपडे धरणार.

शाईत असतं काय

तीनच गोष्टी. एक रंग, दुसरं त्याला धातूवर धरून ठेवणारं रेझिन, आणि तिसरं पटकन उडून जाणारं सॉल्व्हंट, बहुतेक वेळा अल्कोहोल. सॉल्व्हंट उडालं की मागे रंगीत रेझिनची अगदी पातळ फिल्म राहते. ती स्क्रायबरच्या टोकाने स्वच्छ कापली गेली पाहिजे, बाजूने तुकडे उडता कामा नयेत, बोट लागून पुसली जाऊ नये आणि काम झाल्यावर स्पिरिटच्या बोळ्याने निघूनही यावी. एवढ्या चार अटी पाळल्या की झाली लेआउट इंक, म्हणजेच मार्किंगची शाई. परमनंट मार्करच्या आत साधारण हेच तीन घटक असतात, म्हणून तो चालतो, ती काही जुगाडातली युक्ती नाही.

आता जे चालत नाही तेही इथेच सांगतो कारण लोक करून बघतात. स्टॅम्प पॅडची शाई वाळतच नाही. कपड्यांना घालायच्या नीळ पावडरमधला रंग स्पिरिटमध्ये विरघळत नाही, नुसता तळाशी बसतो. पाण्यातला कुठलाही रंग स्टीलवर गोळा होऊन थेंब थेंब उभा राहतो आणि वर गंज धरवतो. व्हाइटबोर्ड मार्कर तर बोटाने पुसला जावा म्हणूनच बनवलेला असतो. नेलपॉलिश अडल्यावेळी चालतं, पण त्याचा थर जाड बसतो आणि रेघेच्या कडेने टवके उडतात.

दुकानात मागताना

निळ्या रंगाच्या दोन पूर्ण वेगळ्या वस्तू वर्कशॉपमध्ये वापरतात आणि दुकानदार दोन्हीला ब्लूच म्हणतो. एक आपली मार्किंग ब्लू, पातळ, बाटलीत, मिनिटाभरात वाळणारी. दुसरी प्रशियन ब्लू, ट्यूबमध्ये नाहीतर डबीत मिळणारी, तेलकट पेस्ट, जी कधीच वाळत नाही आणि वाळू नये हाच तिचा गुण. ती मॅचिंगसाठी असते, म्हणजे सरफेस प्लेटवर, म्हणजे अगदी सपाट केलेल्या जाड पाट्यावर तिचा हलका हात फिरवून वर जॉब (ज्यावर काम चाललंय तो तुकडा) टेकवायचा आणि कुठे निळं लागलं ते बघून तेवढंच खरवडायचं, किंवा व्हॉल्व्ह सीटवर पूर्ण गोल बसतोय का ते बघायचं. ती पेस्ट मार्किंगसाठी लावलीत तर जॉब, गुण्या (काटकोन बघायचा), पट्टी, हात, शर्ट आणि शेवटी घरातलं टॉवेल एवढं सगळं निळं होईल, रेघ मात्र दिसणार नाही.

म्हणून दुकानात नुसतं ब्लू मागू नका, "वाळणारी मार्किंग ब्लू, बाटलीतली" असं सांगा. लेबलवर लेआउट फ्लुइड, लेआउट इंक किंवा मार्किंग ब्लू लिहिलेलं असतं. खात्री करायची तर काडीने एक थेंब लोखंडावर ओढा, मिनिटभर थांबा आणि बोट लावा. कोरडं असेल तर घ्या. अमेरिकेत राहणाऱ्यांना डायकेम स्टील ब्लू सहज मिळते, तिथल्या बऱ्याच मशीन शॉपमध्ये या शाईला डायकेमच म्हणतात. इंग्लंडमध्ये असाल तर मात्र सांभाळून, तिकडे इंजिनिअर्स ब्लू म्हटलं की सहसा ती न वाळणारी पेस्ट हातात पडते. आणि अमेरिकेतून सुट्टीला येणाऱ्या भाच्याला बॅगेत बाटली टाकून आण असं सांगू नका, हे ज्वलनशील लिक्विड आहे, विमानात ना हातातल्या बॅगेत चालतं ना सामानात.

आपल्याकडे कुठे मिळेल म्हणाल तर मुंबईत नागदेवी स्ट्रीटला टूल्सच्या दुकानांत, आणि बाकी गावांत जिथे कारखान्यांना माल पुरवणारी दुकानं आहेत तिथे, म्हणजे पुण्यात भोसरीच्या बाजूला, कोल्हापुरात उद्यमनगरात, नाशिकला सातपूर-अंबडकडे. घराजवळच्या साध्या हार्डवेअरच्या दुकानात बहुतेक नसते. स्प्रे कॅनमध्येही मिळते, मोठ्या प्लेटला मस्त, पण घरात स्प्रे मारला की अर्धी शाई भिंतीवर जाते, मी तरी घरासाठी झाकणाला ब्रश असलेली बाटलीच घ्या म्हणेन. रंगात निळा आणि लाल दोन्ही येतात. स्टीलला निळा, पितळेला दोन्ही बघा आणि तुमच्या उजेडात ज्याच्यावर रेघ जास्त उठते तो ठेवा. लालचा एक फायदा म्हणजे आधी निळ्यात मार्किंग झालेल्या जॉबवर दुसऱ्या टप्प्याचं मार्किंग वेगळं कळतं.

मार्करचं खरं

कॅम्लिन किंवा लक्झर, कुठलाही परमनंट मार्कर घ्या, फक्त टोक चपटं आणि रुंद हवं, बारीक टोकाने पृष्ठभाग भरायला गेलं की पट्टे पट्टे उठतात. काळा किंवा निळा. एकाच दिशेने शेजारी शेजारी ओढायचा, ओल्यावर परत फिरवायचा नाही, कारण नव्या शाईतलं सॉल्व्हंट खालची शाई उचलून घेतं. तेलकट धातूवर चालवला तर टोक तेल पितं आणि मार्कर तिथेच मरतो, लोक मग कंपनीला शिव्या घालतात.

तोटा दोन ठिकाणी जाणवतो. मोठा पृष्ठभाग भरायला वेळ जातो, आणि ड्रिलिंग करताना कटिंग ऑइल किंवा रॉकेल लागलं की रंग लवकर उडतो. दुसऱ्यावर इलाज म्हणजे महत्त्वाचे सगळे पॉइंट आधीच डॉट पंच करून ठेवायचे, मग रंग गेला तरी खूण जात नाही. पहिल्यावर इलाज म्हणजे परमनंट मार्करची रिफिल इंक. स्टेशनरीच्या मोठ्या दुकानात तिची छोटी बाटली मिळते, ती ब्रशने थेट लावायची. जास्त दाट वाटली तर आयसोप्रोपिल अल्कोहोलचे काही थेंब. खरं सांगायचं तर घरगुती शाईचा हा सगळ्यात आळशी आणि सगळ्यात भरवशाचा प्रकार आहे, पुढची लाखेची कृती ज्यांना हौस आहे त्यांच्यासाठी.

लाखेपासून घरची मार्किंग ब्लू

रेझिन म्हणून लाख, म्हणजे सुतार फ्रेंच पॉलिशला वापरतात तो चपडा. आपण या बाबतीत नशीबवान आहोत, लाखेच्या उत्पादनात भारत आघाडीवर आहे, झारखंडात ती सगळ्यात जास्त होते आणि तिथे रांचीजवळ नामकुमला १९२४ पासून लाखेवर संशोधन करणारी संस्था आहे. पेंटच्या किंवा पॉलिशच्या जुन्या दुकानात चपडा सुटा मिळतो. डिवॅक्स्ड मिळाला तर अजून चांगला, कारण साध्या चपड्यात मेण असतं, त्याने शाई गढूळ होते.

सॉल्व्हंट म्हणून ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. डिनेचर्ड स्पिरिटमध्ये लाख जास्त पटकन विरघळते, पण महाराष्ट्रात त्याच्या विक्रीवर १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याचं बंधन आहे त्यामुळे प्रत्येक दुकानात मिळत नाही, आणि त्यात विषारी मिथेनॉल असू शकतं, सबब वास घेत बसायचं नाही आणि बंद खोलीत वापरायचं नाही. हँड सॅनिटायझर नको, त्यात पाणी आणि ग्लिसरीन दोन्ही असतं. ॲसिटोनही नको, लाख त्यात नीट विरघळत नाही, ते नंतर शाई पुसायला ठेवा.

रंग म्हणून क्रिस्टल व्हायोलेट किंवा मिथाइल व्हायोलेटची पावडर, लॅबचं सामान विकणाऱ्यांकडे मिळते, मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटच्या भागात अशी दुकानं आहेत. शाई निळी न होता जांभळी होईल, कामाला काही फरक पडत नाही. तोंड आल्यावर लावायचं ते जांभळं औषध म्हणजे हाच रंग, पण केमिस्टकडचं ते पाण्यातलं आणि फार पातळ असतं, म्हणून थेट चालत नाही. २०१९ मध्ये कॅनडाच्या आरोग्य खात्याने या रंगाच्या औषधांबाबत कॅन्सरच्या शक्यतेचा इशारा दिला होता, तेव्हा पावडर हाताळताना ग्लोव्ह्ज आणि मास्क घाला, उगाच घाबरायचं नाही पण हाताने चिवडायचंही नाही. शिवाय ही पावडर एवढी जहाल असते की पंखा चालू ठेवून डबी उघडलीत तर पुढचे कित्येक दिवस जिथे ओलं फडकं फिरवाल तिथे जांभळे ठिपके उमटतील.

१०० मिली शाईचं प्रमाण असं धरा: अल्कोहोल १०० मिली, चपडा ६ ते ८ ग्रॅम, रंग साधारण १ ग्रॅम. हे सुरुवातीचं माप, पुढे हाताने जुळवायचं.

१. चपडा कागदात गुंडाळून हातोडीने बारीक करा. काचेच्या कोरड्या बाटलीत टाका, वर अल्कोहोल ओता, झाकण लावा. लोखंडी डब्यात करू नका, लाख काळपट पडते.

२. रात्रभर ठेवा, मधून मधून हलवा. आयसोप्रोपिलमध्ये एक पूर्ण दिवसही लागतो. घाई झाली तर बाटली गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून चालेल, पण पाणी दुसरीकडे तापवून आणायचं आणि झाकण थोडं सैल ठेवायचं. गॅसवर काहीही ठेवायचं नाही. आयसोप्रोपिलचा फ्लॅश पॉइंट १२ अंशाच्या आसपास आहे, म्हणजे आपल्याकडच्या थंडीतसुद्धा त्याची वाफ ठिणगीने पेटते.

३. जुन्या सुती कापडातून गाळा. तळाला गाळ राहील, तो फेकून द्या.

४. आता रंग, थोडा थोडा, हलवत. मध्ये मध्ये काडीने स्टीलच्या तुकड्यावर ओढून बघा. खालचा धातू झाकला जाईल एवढाच गडद हवा, जास्त रंग घातला तर फिल्म पावडरीसारखी होऊन बोटाला लागते.

५. वाळल्यावर स्क्रायबरने रेघ मारा. रेघेच्या कडेने टवके उडाले तर लाख जास्त झाली, अल्कोहोल वाढवा. बोटाने पुसलं जात असेल तर लाख कमी आहे. चिकट राहत असेल तर अल्कोहोलमध्ये पाणी असणार किंवा लाख जुनी.

भरायला रिकामी नेलपॉलिशची बाटली ॲसिटोनने धुऊन घ्या, ब्रश आयताच मिळतो आणि झाकण घट्ट बसतं. बाकीची शाई मोठ्या बाटलीत, वर तारीख टाकून. अल्कोहोलमध्ये विरघळलेली लाख कायम टिकत नाही, सहा महिने ते वर्षभरात हळूहळू तिची वाळायची ताकद जाते. काचेवर एक थेंब टाकून बघायचं, तासाभरानेही बोट चिकटत असेल तर ती शाई टाकून नवी करा. म्हणूनच एकदम लिटरभर करून ठेवू नका.

मोरचुदाची जुनी पद्धत

ही माझी आवडती आहे, पण फक्त साध्या स्टीलसाठी. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट, बोर्डो मिश्रणासाठी द्राक्षबागायतदार वापरतात त्यामुळे नाशिक-सांगलीकडे कुठल्याही कृषी सेवा केंद्रात मिळतं. आयटीआयच्या फिटरच्या अभ्यासक्रमातही मार्किंग मीडियामध्ये हे असतंच. यात रंग लावला जात नाही, केमिस्ट्री होते: वरचं लोखंड थोडंसं द्रावणात उतरतं आणि त्याच्या जागी तांबं येऊन बसतं. तांबूस पृष्ठभागावर चंदेरी रेघ. हा थर स्पिरिटने जात नाही, कटिंग ऑइलने जात नाही, ड्रिलच्या गरमीने जात नाही.

१०० मिली पाण्यात साधारण २५ ग्रॅम मोरचूद विरघळवा. डिस्टिल्ड वॉटर, म्हणजे बॅटरीत घालायचं, ते बरं. वर बॅटरी ॲसिडचे दोन-चार थेंब टाकले तर तांबं जास्त पकडून बसतं, ॲसिड नेहमी पाण्यात टाकायचं, उलटं नाही, आणि डोळ्यांवर चष्मा. काचेची किंवा प्लास्टिकची बाटली वापरा, लोखंडी किंवा गॅल्व्हनाइज्ड भांड्यात ठेवलंत तर तांबं भांड्यालाच बसेल.

लावताना स्टील अगदी तेलमुक्त हवं. कापसाचा बोळा ओला करून एकदाच फिरवा, काही सेकंदांत रंग चढतो. परत परत घासत बसलात तर तांब्याचा भुगा तयार होतो आणि तो गळतो. लगेच पाण्याच्या फडक्याने पुसा, कोरडं करा, मग मार्किंग. काम संपलं की तेलाचा हात फिरवायचा, नाहीतर सकाळी तांबूस थराच्या कडेने गंज दिसेल. नको असेल तेव्हा एमरी पेपरने काढायचं.

स्टेनलेस, पितळ यांच्यावर याचा उपयोग नाही, ॲल्युमिनियमवर तर डाग आणि खड्डे पडतात. आणि हे द्रावण गुण्या, हाइट गेज (ठरावीक उंचीवर रेघ मारायचं साधन), सरफेस प्लेट, व्हाइसचे जबडे यांच्या जवळपासही न्यायचं नाही, लावायचं काम वेगळ्या टेबलावर. मोरचूद पोटात गेलं तर विषारी आहे, पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत चुकूनही भरू नका, निळंशार दिसतं आणि लहान मुलांना ते सरबतच वाटतं. उरलेलं द्रावण मोरीत किंवा ओढ्याला सोडू नका, माशांना ते फार घातक आहे.

धातूप्रमाणे बदल

हॉट रोल्ड एमएसच्या काळ्या पपडीवर निळी शाई दिसणारच कशी, तिथे पांढरं हवं. वेल्डर लोकांचा सोपस्टोन, पांढरा पेंट मार्कर किंवा साधा खडू. कास्टिंगच्या खरखरीत पृष्ठभागालाही पांढरंच लागतं, कोल्हापूरच्या फाउंड्रीतला ओबडधोबड तुकडा घेऊन बसलात तर खडूची पूड पाण्यात किंवा स्पिरिटमध्ये कालवून त्यात फेविकॉलचा एक थेंब टाकून ब्रशने मारा, वाळलं की रेघा मारा. अचूक कामाला हे नाही, पण कास्टिंगमध्ये कुठे किती मटेरियल आहे हे ठरवायला उत्तम. जिथे जिथे बारीक माप हवंय तिथे आधी कानस मारून किंवा ग्राइंडरने पपडी काढा आणि मग निळी.

ॲल्युमिनियमला मार्कर सगळ्यात सोयीचा. एक मात्र लक्षात ठेवा, पत्रा जिथे वाकवायचा आहे ती लाइन स्क्रायबरने ओरखडू नका, बेंडवर तिथूनच क्रॅक जातो, ती मार्करनेच काढायची. पेंट किंवा गॅल्व्हनाइझिंग जपायचं असेल तर मास्किंग टेप चिकटवून त्यावर पेनाने. गुंतागुंतीचा आकार असेल तर कॉम्प्युटरवर काढून १०० टक्के स्केलने प्रिंट घ्या, ग्लू स्टिकने चिकटवा आणि थेट कागदातून डॉट पंच मारा, यात कसली लाज नाही, फक्त प्रिंटवर एक १०० मिलीमीटरची लाइन टाकून ती पट्टीने मोजून घ्या.

पूर्ण मार्किंग, एक उदाहरण धरून

समजा ८० बाय ८० मिमी, ६ मिमी जाडीची एमएस प्लेट आहे, मध्ये एक सेंटर आणि त्याभोवती ६० मिमी पीसीडीवर (होलची सेंटर ज्या वर्तुळावर येतात त्याचा व्यास) एम ६, म्हणजे ६ मिमीच्या बोल्टची चार होल, कोपऱ्यांकडे तोंड करून.

आधी दोन शेजारच्या कडा कानस मारून सरळ आणि गुण्यात करा. ह्या तुमच्या डेटम कडा, सगळी मापं इथूनच घ्यायची, एका होलपासून दुसरं होल असं मोजत गेलात तर चूक साठत जाते. बर (कडेला उठलेली धारदार किनार) काढा, कारण बर असेल तर गुण्या नीट बसत नाही. मग स्वच्छ करणं: आधी कॉटन वेस्टने (सुताच्या चिंध्यांनी) तेल पुसा, नंतर ॲसिटोन किंवा एनसी थिनरचा बोळा, फडकं काळं यायचं थांबेपर्यंत. यानंतर वर बोट लावायचं नाही, बोटाचं तेलसुद्धा पुरतं.

शाईचा एकच हात, पातळ. खालची चमक जराशी दिसली तरी चालते. मिनिट-दोन मिनिटं वाळू द्या, फुंकर मारू नका, तोंडाची वाफ बसते.

आता सरफेस प्लेट कुणाच्या घरात नसते, ग्रॅनाइटच्या दुकानातला पॉलिश केलेला कटपीस किंवा १०-१२ मिमी जाडीची काच सपाट पाटावर ठेवा, घरच्या कामाला बास. हाइट गेज असेल तर उत्तम, नसेल तर पट्टी, गुण्या आणि जेनी कॅलिपर (एक पाय कडेला टेकवून कडेला समांतर रेघ मारायचा). डेटम कडेपासून ४० वर एक लाइन, प्लेट फिरवून दुसऱ्या डेटमपासून ४० वर दुसरी. छेदावर डॉट पंच हलका मारा, डिव्हायडरचा (दोन टोकदार पायांच्या कंपासचा) पाय त्यात बसवा आणि ३० मिमी त्रिज्येचं वर्तुळ काढा.

पुढे हिशोब. चार होल ४५ अंशात आहेत, म्हणजे सेंटरपासून दोन्ही दिशांना ३० गुणिले ०.७०७, साधारण २१.२. म्हणजे डेटमपासून लाइनी येतील १८.८ आणि ६१.२ वर, दोन्ही बाजूंनी. ह्या चार लाइनींचे चार छेद बरोबर वर्तुळावर पडले पाहिजेत. पडले तर मार्किंग बरोबर, नाही पडले तर आत्ताच कळलं, ड्रिल केल्यावर नाही. डिव्हायडर ४२.४ ला लावून शेजारच्या दोन होलमधलं अंतरही तपासा. सहा होलचा फ्लँज असता तर आणखी सोपं, डिव्हायडर त्रिज्येवरच ठेवून वर्तुळावर सहा पावलं टाकायची, सहावं पहिल्यावर येऊन बसतं.

स्क्रायबर धरताना टोक पट्टीच्या खालच्या कडेला टेकलं पाहिजे म्हणून तो बाहेरच्या बाजूला थोडा कलता आणि ओढायच्या दिशेला थोडा झुकलेला. एकदाच, एका दाबाने. शाई कापली गेली की काम झालं, स्टीलमध्ये नांगरट करायची गरज नाही. टोक बोथट असेल तर रेघ रुंद येते आणि शाईला नावं ठेवली जातात, कार्बाइड टोकाचा स्क्रायबर फार महाग नाही, तो घ्याच.

छेदावर आधी ६० अंशाचा डॉट पंच. टोक रेघेवरून हळू सरकवलं की दोन रेघा जिथे मिळतात तिथे ते अडकल्याचं हाताला कळतं. हलका ठोका, भिंगाने बघा. सरकला असेल तर पंच तिरका धरून खड्डा योग्य बाजूला ओढा. मनासारखं झालं की ९० अंशाचा सेंटर पंच. मग प्रत्येक खड्ड्याभोवती डिव्हायडरने ४ मिमी त्रिज्येचं वर्तुळ काढून ठेवा, होल ६.५ किंवा ६.६ चं होईल, त्याभोवती हे वर्तुळ सारख्या अंतरावर दिसलं पाहिजे, ड्रिल पळालं तर तिथेच दिसतं. ३ मिमीचा पायलट, म्हणजे आधीचं बारीक भोक, मारून पुढे जा.

जिथे कानस मारून लाइनीपर्यंत यायचं आहे त्या लाइनवर थोड्या थोड्या अंतरावर बारीक डॉट मारून ठेवतात, त्याला विटनेस मार्क म्हणतात. कानस मारत आलात आणि प्रत्येक डॉटचा अर्धा भाग उरला की थांबायचं, शाई तोपर्यंत घासली गेली असली तरी हरकत नाही.

पावसाळा आणि बाकीची काळजी

जुलैत कोकणात किंवा मुंबईत लाखेची शाई कधी कधी वाळताना पांढरट ढगाळ होते. अल्कोहोल उडताना धातू थंड पडतो आणि हवेतला दमटपणा त्यावर बसतो, शाई खराब नसते. जॉब आधी हेअर ड्रायरने कोमट करून घ्या, ड्रायर बंद करून बाजूला ठेवा आणि मग शाई लावा. बाटली उघडी ठेवू नका, अल्कोहोल हवेतलं पाणी ओढून घेतं.

शाई लावताना शेजारी ग्राइंडर, वेल्डिंग, पेटती अगरबत्ती काहीही नको, आणि शाईचे-ॲसिटोनचे बोळे झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाका. बाटली कलंडतेच, म्हणून लाकडाच्या ठोकळ्यात तिच्या मापाचं भोक पाडून त्यात ठेवा, फरशीवर सांडलेली शाई ग्रॅनाइटवरून निघते, सिमेंटच्या कोब्यावरून निघत नाही आणि कपड्यावरून तर नाहीच. हाताला लागली तर स्पिरिट आणि मग साबण, बाकीची दोन-तीन दिवसांत आपोआप जाते.

विकतची मार्किंग ब्लू घट्ट झाली तर टाकून देऊ नका. लेबलवर कुठलं थिनर लिहिलंय ते बघा, अल्कोहोलवाली असेल तर आयसोप्रोपिल थोडं थोडं घालून हलवा, परत चालू होते. आणि जॉब पुढे वेल्ड करायचा किंवा पेंट करायचा असेल तर शाई आधी ॲसिटोनने पूर्ण पुसा आणि ते उडून जाऊ द्या, जॉइंटच्या फटीत राहिलेली शाई वेल्डमध्ये बुडबुडे आणते आणि पेंटच्या खाली राहिलेली जांभळी शाई पांढऱ्या रंगातून हमखास वर झिरपते, दुसरा हात मारला तरीही.